फेनिलकीटोन्युरियाच्या पावडरीचा चमचा कमी भरतो: तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: डब्यातील चुकीच्या मापाचा चमचा आणि सोबतची चवीची पुडी

महोदय/महोदया,

फेनिलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराच्या मुलांसाठी असलेल्या आपल्या फेनिलअलानिनविरहित पावडरीच्या नव्या डब्यावर ‘१ सपाट चमचा = १० ग्रॅम’ असे छापले आहे. डिजिटल काट्यावर दहा वेळा मोजले, न दाबता, सुरीच्या पाठीने सपाट करून. सरासरी ८.४ ग्रॅम भरली. हीच पावडर जुन्या डब्यातल्या चमच्याने घेतली तर बरोबर १० ग्रॅम येते. चमचा लहान झाला, छपाई तीच राहिली.

फरक किरकोळ वाटेल, पण नाही. डब्यावरच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनांइतकी अमिनो आम्ले आहेत. रोज १० चमचे ठरवून दिलेल्या मुलाला आता २१ ग्रॅमच मिळतात. या आजारात यकृतात फेनिलअलानिन या प्रथिनांतल्या अमिनो आम्लाचे टायरोसिन हे दुसरे अमिनो आम्ल नीट होत नाही, आणि ते रक्तात साठते. म्हणून नेहमीचे प्रथिनयुक्त अन्न अगदी मोजून द्यावे लागते आणि मुलाची वाढ बरीचशी या पावडरीवरच चालते. ती कमी पडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते, आणि त्यातून सुटलेले फेनिलअलानिन रक्तात चढते. लहान मुलांत ही पातळी लिटरमागे १२० ते ३६० मायक्रोमोल ठेवायची असते. ती फार काळ वर राहिली तर वाढत्या मेंदूला इजा होते. अहवाल बिघडला की संशय येतो जेवणावर. मूल काहीतरी चोरून खात असेल असे धरून मोजके अन्नही आणखी कापले जाते, म्हणजे प्रथिने आणखी कमी. चमच्याकडे कोणी पाहत नाही. टायरोसिनही याच पावडरीतून मिळायचे, तेही घटले.

दुसरी गोष्ट तर अनाकलनीय आहे. सोबतच्या चवीच्या पुडीवर बारीक अक्षरांत ॲस्पार्टेम (एक कृत्रिम गोडवा) लिहिले आहे, फेनिलअलानिनचा इशारा मात्र नाही. ॲस्पार्टेमच्या वजनात निम्म्याहून अधिक फेनिलअलानिनच असते: १०० मिलिग्रॅममागे सुमारे ५६, म्हणजे साधारण १ ग्रॅम नैसर्गिक प्रथिनाएवढे. फेनिलअलानिन मिलिग्रॅममध्ये मोजणाऱ्यांच्या डब्यात ही पुडी आलीच कशी?

या खेपेचे चमचे बदलून द्यावेत आणि पुडी परत घ्यावी. तोवर पावडर चमच्याने नव्हे, काट्यावर ग्रॅममध्ये मोजावी, ही सूचना सर्व ग्राहकांना व आहारतज्ज्ञांना लेखी पाठवावी. यापुढे चमचा बदलला तर डब्याच्या झाकणावरच ठळक लिहावे. पावती, खेप क्रमांक आणि काट्यावरील वजनांचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
एक ग्राहक