दुसरी सीडी बाजूला ठेवू नये

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील संगीताच्या सदरात ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या ‘अलोन टुगेदर’ या दोन सीडींच्या जॅझ संकलनावर आलेला लेख वाचून मनापासून आनंद झाला. मराठी वृत्तपत्रात या संगीताला अर्धे पान मिळावे, ही लहान गोष्ट नाही. मात्र त्या लेखातील एक वाक्य दोन दिवस माझ्या मनातून जात नाही. पहिली सीडी अवश्य संग्रही ठेवावी, दुसरी मुख्यतः ड्रमवादकाची असल्याने ती ऐकली नाही तरी चालेल, अशा आशयाचा सल्ला लेखकाने वाचकांना दिला आहे. मी सांगलीत गेली सत्तावीस वर्षे तबला शिकवतो आणि हे संकलन वीसएक वर्षांपासून माझ्या कपाटात आहे. दुसरी सीडी बाजूला ठेवली तर पहिलीही अर्धीच ऐकली जाते, एवढे मला आपल्या वाचकांपुढे मांडायचे आहे.

‘व्हर्व’ कंपनीने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या या संकलनात मूळ ‘मर्क्युरी’ आणि तिच्या ‘एमआर्सी’ या लेबलसाठी झालेली ध्वनिमुद्रणे आहेत. ब्राउन आणि रोच यांनी १९५४ मध्ये मिळून पाच जणांचा वाद्यवृंद उभा केला, तेव्हा ब्राउन अवघे तेवीस वर्षांचे होते आणि त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे असलेले रोच विख्यात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्यासोबत वाजवून नावारूपाला आलेले होते. मोठ्याने धाकट्याला साथीला घेतले नाही आणि धाकट्यानेही मोठ्याला मागे बसवले नाही. वाद्यवृंदाला दोघांचे नाव होते. ट्रम्पेट पुढे आणि ड्रम मागे ही मांडणी रंगमंचावरच्या जागेची झाली, मानाची नव्हे, हे त्या नावातच स्पष्ट आहे.

ब्राउन यांच्या वादनाबद्दल लेखकाने जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यांनी पत्नी लारू यांच्यासाठी बांधलेली ‘जॉय स्प्रिंग’ ही रचना पेटीवर बसून काढून पाहावी, म्हणजे तिची गंमत बोटांना कळते. मुखडा पांढरी चार या पट्टीत (पेटीची चौथी पांढरी पट्टी षड्ज धरून) सुरू होतो, तोच मुखडा पुन्हा येतो तेव्हा काळी तीनमध्ये आलेला असतो, आणि मधला भाग पांढरी पाचपासून पायरी-पायरीने काळी दोनपर्यंत उतरून पुन्हा मूळ पट्टीत येतो. एवढ्या वेळा षड्ज हलतो, तरी ट्रम्पेटच्या स्वरात कोठेही धावपळ जाणवत नाही. तो भरदार आणि गोल राहतो, आणि अतिद्रुत लयीतही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. ही सफाई कोणत्याही वाद्याच्या विद्यार्थ्याने कान देऊन ऐकावी अशीच आहे.

परंतु ती सफाई कशाच्या आधारावर उभी आहे, हा प्रश्न लेखात आलेला नाही. याच वाद्यवृंदाच्या १९५५ मधील ‘ब्लूज वॉक’चे उदाहरण देतो. अठ्ठेचाळीस मात्रांच्या आवर्तनावर ब्राउन यांचा ट्रम्पेट आणि हॅरॉल्ड लँड यांचा टेनर सॅक्सोफोन सवाल-जवाब करतात. आधी प्रत्येकाला सोळा मात्रा मिळतात, मग आठ, मग चार आणि शेवटी केवळ दोन. आपल्याकडच्या जुगलबंदीत रंगत जावा तसाच हा प्रकार आहे. अशा वेळी दोघेही समोरच्याचे वाक्य झेलण्यात गुंतलेले असतात. रोच यांची काठी मोठ्या झांजेवर अखंड फिरत असते आणि डाव्या हाताने व पायाने ते वाक्यांच्या मधोमध नेमका ठोका देत जातात. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा तुकडा ऐकवतो आणि फक्त झांजेकडे लक्ष द्यायला सांगतो. चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांना कळू लागते की पुढचे दोघे बिनधास्त आहेत, कारण मागे कोणीतरी आवर्तन डोक्यात ठेवून आहे.

रोच एकटे वाजवू लागतात, तेव्हाची गोष्ट याहून वेगळी आहे. आपल्या स्वतंत्र तबलावादनात लेहरा, म्हणजे पेटी वा सारंगीवर पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, सतत चालू असतो, त्यामुळे वादक कितीही दूर गेला तरी श्रोत्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडते. जॅझमधील ड्रमच्या एकल वादनात बाकीचे सारे बहुधा थांबतात, लेहरा नसतोच. श्रोत्याने मूळ चीज मनात गुणगुणत राहावे लागते. रोच त्याला मदत करतात. ते वेगवेगळ्या उंचीला लावलेल्या ड्रमवर चिजेची वाक्ये जवळजवळ म्हणतात, मध्ये श्वास घेतात, एक बोल घेऊन त्याचे पलटे करतात आणि आवर्तन संपते तिथेच मुखडा दुसऱ्याच्या हाती देतात. यास ‘केवळ ड्रम’ म्हणणे म्हणजे थोर तबलावादक अहमदजान थिरकवा यांच्या वादनाला ‘केवळ ठेका’ म्हणण्यासारखे आहे.

ब्राउन यांच्यानंतरची ही दुसरी सीडी ऐकताना तिच्यामागचे दुःखही लक्षात असावे. २६ जून १९५६ च्या रात्री, पावसात, शिकागोच्या वाटेवर पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर झालेल्या मोटार अपघातात क्लिफर्ड ब्राउन, वाद्यवृंदातील पियानोवादक रिची पॉवेल आणि गाडी चालवणाऱ्या पॉवेल यांच्या पत्नी नॅन्सी हे तिघेही गेले. ब्राउन पंचवीस वर्षांचे होते. विद्यार्थिदशेत १९५० मध्येही ते अशाच एका अपघातात जबर जखमी झाले होते आणि दीर्घ उपचारांनंतर पुन्हा ट्रम्पेटकडे वळले होते. रोच त्या गाडीत नव्हते. दोन साथीदार एका रात्रीत गेल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९५६ मध्ये ते केनी डोरम या नव्या ट्रम्पेटवादकासह स्टुडिओत उभे राहिले. सॅक्सोफोनवर सॉनी रोलिन्स आणि बासवर जॉर्ज मॉरो हे जुनेच सोबती होते. (हेच रोलिन्स पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात राहिले आणि १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात त्यांनी वाजवले.)

त्यानंतरच्या काही वर्षांत रोच यांनी जे केले, ते जुन्या यशाची नक्कल करून मुळीच साधले नसते. १९५७ मध्ये त्यांनी तीन मात्रांच्या लयीवर आख्खी तबकडी केली. जॅझ तेव्हा जवळजवळ सारे चार मात्रांत चालत असे. तीन-तीन मात्रांच्या दादऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानाला तीन मात्रांत नवल वाटणार नाही, पण ती लय झोका न होऊ देता झुलती आणि तरीही धारदार ठेवणे किती अवघड आहे, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक. पुढे त्यांनी पार्कर यांच्या रचना पियानोशिवाय ध्वनिमुद्रित केल्या. स्वरांचा तो आधार काढून घेतल्यावर ड्रमचा प्रत्येक आवाज उघडा पडतो. मला तेथे रिची पॉवेल यांची रिकामी जागा ऐकू येते. हे माझे ऐकणे झाले, कोणी त्याशी सहमत व्हावे असा आग्रह नाही. पहिल्या सीडीनंतर लगेच दुसरी लावली, तर कोण गेले आणि कोण मागे राहिले हे न सांगता कळते. संकलन करणाऱ्यांनी ‘एकत्र, तरी एकटे’ अशा अर्थाचे शीर्षक या दोन सीडींना दिले, ते मला म्हणूनच सार्थ वाटते.

याच संदर्भात एक अडचण सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीने हे संकलन मोबाइलवरील एका ॲपवर शोधले, तेव्हा तिला दोन्ही सीडी सलग एका यादीत मिळाल्या. कोठे ब्राउन संपले, ट्रम्पेटवर पुढे कोण आले, पियानो का थांबला, यांपैकी काहीही त्या पडद्यावर नव्हते. तिने मला निरागसपणे विचारले, “सर, हे ट्रम्पेटवाले मधूनच वेगळे का वाजवायला लागले?” तिचा कान अगदी बरोबर होता, तिच्यापर्यंत माहिती पोहोचली नव्हती. आपल्याकडेही हे नवे नाही. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतला ट्रम्पेट साऱ्या महाराष्ट्राने ऐकला, पण चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांची नावे किती घरांत पोहोचली?

म्हणून आपणास दोन विनंत्या आहेत. या सदरात ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी लिहिले जाईल, तिच्यातील सर्व वादकांची नावे आणि ध्वनिमुद्रणाची वर्षे लेखाखाली चौकटीत छापावीत. पाच-सहा ओळींत ते बसेल. आणि जागा मिळाल्यास लेखकांनी दुसऱ्या सीडीवर स्वतंत्रपणे लिहावे. डोरम यांच्यानंतर रोच यांच्याकडे आलेले ट्रम्पेटवादक बुकर लिटल हेही १९६१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षीच गेले. त्यांच्याविषयी मराठीत वाचायला मला आवडेल.

आपला नम्र,
एक तबलाशिक्षक, सांगली