नायगारा रद्द केलाय, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई आणि बाबा,
सा. न.

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं, बरं" म्हणाले असते, फोन आईच्या हातात गेला असता आणि आपण तिघंही भाजीच्या भावावर येऊन थांबलो असतो. म्हणून लिहिते आहे. बाबा, जवळचा चष्मा लावा. आणि मध्येच दादाला फोन करू नका, त्याला सगळं माहीत आहे.

नायगाराची बसची सहल मी रद्द केली. बरेचसे पैसे परत मिळाले, तेव्हा तो हिशेब मांडत बसू नका. बाबांनी कट्ट्यावर सगळ्यांना सांगून ठेवलंय हेही मला ठाऊक आहे. पण आमच्या घरापासून नायगारा एका बाजूला सात-आठ तास. बस सकाळी सहाला सुटणार, वाटेत न्यूयॉर्क, तिथे पायपीट, आणि कुठे किती मिनिटं थांबायचं ते गाइड ठरवणार. बाबांची लघवीची गोळी सकाळचीच असते. आई, तुझे गुडघे बसच्या त्या उंच पायऱ्या दिवसातून किती वेळा चढणार? आणि तू "मी बसते इथेच, तुम्ही जाऊन या" म्हणून प्रत्येक ठिकाणी बसमध्येच थांबणार. मला माहीत नाही का तू?

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय, मान्य. तुम्हाला झेपणार नाही असं मी म्हणतच नाहीये. पण गेल्या श्रावणात बाबा आयसीयूत होते आणि मी इथे फोन कानाला लावून स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. तेव्हा दादाच्या आवाजावरून अंदाज बांधत काढलेल्या त्या रात्रींनंतर अनोळखी बसच्या मागच्या सीटवर तुम्हाला बसवून देणं माझ्याच्याने होणार नाही. मला तुम्ही माझ्या गाडीत हवे आहात. हवं तेव्हा थांबता येईल अशा गाडीत.

तर आता बेत असा. ऑक्टोबरच्या मध्यावर आपण बर्कले स्प्रिंग्जला जातोय. वेस्ट व्हर्जिनियातलं लहानसं गाव, वस्ती हजाराच्याही आत, आमच्याकडून गाडीने दीड-पावणेदोन तास. झऱ्यांचं गाव आहे. "म्हणजे नायगाराच्या ऐवजी आम्हाला न्हाणीघर दाखवणार" असं बाबा म्हणतील, म्हणून पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

बाबा, १७४८ साली या झऱ्यांवर एक सोळा वर्षांचा मुलगा आला होता. लॉर्ड फेअरफॅक्स नावाच्या बड्या जमीनदाराच्या जमिनी मोजायला निघालेल्या तुकडीत तो होता. म्हणजे अगदी तुमच्या मोजणी खात्यातला. पुढच्याच वर्षी, सतराव्या वर्षी, तो कल्पेपर नावाच्या काउंटीचा अधिकृत मोजणीदार झाला. आणि पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष. जॉर्ज वॉशिंग्टनने सुरुवात भूकरमापक म्हणून केली हे तुम्ही मला लहानपणी कधीच कसं सांगितलं नाहीत? १७७६ मध्ये इथे रीतसर गाव वसवायचं ठरलं, इंग्लंडमधल्या प्रसिद्ध स्नानाच्या गावावरून त्याला 'बाथ' नाव दिलं, भूखंड पाडले, आणि ते घेणाऱ्यांत वॉशिंग्टनही होता. कागदोपत्री गावाचं नाव आजही बाथच आहे. बर्कले स्प्रिंग्ज हे टपाल खात्याचं नाव, कारण तेव्हा हा भाग व्हर्जिनियात होता आणि तिथे दुसरं बाथ आधीच होतं. गट नंबर एक आणि बोलीतलं नाव दुसरं, हा प्रकार तुम्हाला नवा नाही.

गावाच्या मधोमध राज्य सरकारचं उद्यान आहे, पाच एकरांपेक्षाही लहान. त्यात दगडांनी बांधलेलं एक उघडं डबकं आहे, त्याला वॉशिंग्टनचा टब म्हणतात. तो खरा त्याचा नाही, त्या काळी लोक उघड्यावर कसे डुंबत असतील ते दाखवायला केलेला आहे. पाहायला दोन मिनिटं पुरतात. मला त्याच्या शेजारून वाहणारे दगडी पाट जास्त आवडले, त्यात पाय सोडून बसता येतं. आई, हे तुझ्यासाठी. पाट जमिनीलगत आहेत, कुठे चढायचं नाही.

आता एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिथे पोचल्यावर तुझा चेहरा पडेल. गरम पाण्याचे झरे म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर कोकणातलं उन्हवरे येईल. हे तसं नाही. इथलं पाणी बारा महिने सव्वाचौऱ्याहत्तर फॅरनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेतेवीस अंश. हाताला गार लागेल. वाफ नाही, गंधकाचा वास नाही, तांदळाची पुरचुंडी शिजवणारं कोणी नाही. आणि काकांनी तिथे जे केलं ते इथे कोणी करणार नाही, अभिजित तर नाहीच.

गरम पाणी मिळतं ते स्नानगृहात. १८१५ च्या सुमाराची विटांची इमारत आहे, नाव 'रोमन बाथ'. तिथे झऱ्याचंच पाणी तापवून १०२ फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ ३९ अंशांवर ठेवतात. प्रत्येकाला वेगळी खोली, आत जमिनीत खोदलेला फरशीचा मोठा हौद. दार आतून बंद. तेव्हा आई, "चारचौघांत मी तसले कपडे घालणार नाही" हे वाक्य परत घे. तू तुझा जुना गाऊन घालून बस. आतमध्ये फक्त तू आणि मी. तुझ्या पाठीला साबण लावून द्यायची माझी पाळी आहे, इतकी वर्षं तू मला लावलास, आणि तेही किती जोरात!

हौदात उतरायला पायऱ्या आहेत, तिथे मी हात धरणार आणि तू तो झटकणार नाहीस.

बाबांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच. गरम पाण्यात बसलं की रक्तदाब उतरतो, त्यात तुमच्या गोळ्याही तो उतरवणाऱ्याच, आणि उठताना एकदम गरगरतं. तेव्हा बसायचं की नाही, किती मिनिटं, छातीपर्यंत की कमरेपर्यंत, हे सगळं नीट विचारा. डॉक्टर नको म्हणाले तर हिरमुसू नका. त्याच इमारतीत वर गावाचं छोटं संग्रहालय आहे, आम्ही आत असू तेवढा वेळ तुमचा तिथे जाईल. तिथे जेम्स रम्सीची माहिती वाचा. या गावात खानावळ चालवणारा माणूस, त्याने १७८४ मध्ये वॉशिंग्टनला प्रवाहाविरुद्ध चालणाऱ्या नावेचा नमुना दाखवला आणि १७८७ मध्ये इथून जवळच शेपर्ड्सटाउनला पोटोमॅक नदीत वाफेवरची बोट चालवून दाखवली. श्रेय नंतर भलत्याच लोकांना मिळालं. तुम्हाला असे लोक आवडतात.

उद्यानात एक नळ आहे, तिथे झऱ्याचं पाणी कोणीही फुकट भरून नेतं. गावातले लोक कॅन घेऊन येतात. १९९१ पासून या गावात दर फेब्रुवारीत पाण्याच्या चवीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. पाण्याला चव असते यावर अभिजितचा विश्वास नाही. आईचा असेल, तिला आपल्या विहिरीचं आणि नळाचं डोळे मिटून कळायचं.

वाटेतले थांबे मी तुमच्या सोयीने ठेवलेत. पहिला थांबा फ्रेडरिक शहर. तिथे ओढ्याच्या काठाने बाकं आहेत आणि एक पूल आहे, लांबून जुना घडीव दगडांचा दिसतो, वेलींसकट. जवळ गेलात की कळतं, साधा काँक्रीटचा पूल आहे आणि दगड न् दगड रंगवलेला आहे. आई हात लावून बघितल्याशिवाय मानणार नाही, लाव. थर्मासमध्ये आल्याचा चहा असेल.

मग हँकॉक. बाबा, इथे नीट लक्ष द्या. मेरीलँड राज्य या ठिकाणी इतकं निमुळतं होतं की उत्तरेला पेनसिल्व्हेनियाची हद्द आणि दक्षिणेला पोटोमॅक, यांच्यात दोन मैलसुद्धा उरत नाहीत. ती उत्तरेची हद्द म्हणजे मेसन-डिक्सन रेषा. दोन जमीनदार घराण्यांचा हद्दीचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला होता, शेवटी इंग्लंडहून मेसन आणि डिक्सन या दोघांना बोलावून १७६३ ते १७६७ या काळात ती मोजून घेतली. दर मैलाला हद्दीचा दगड, दर पाच मैलांवर दोन्ही घराण्यांची चिन्हं कोरलेला मोठा दगड, आणि हे दगड इंग्लंडहून जहाजातून आणलेले! त्यांची साखळी ६६ फुटांची, म्हणजे तुमच्या ३३ फुटी शंकू साखळीच्या नेमकी दुप्पट. तुमची ती सोळा आण्यांची साखळी कोठीच्या खोलीत अजून आहे ना? मी तिच्यावर पाय देऊन उभी राहायचे आणि तुम्ही "हलू नकोस गं, खुंटी हलली तर गावात भांडणं होतील" म्हणायचात. मला खरंच वाटायचं.

तर नायगारा कोणीही दाखवील. ही हद्द तुमच्या मुलीशिवाय तुम्हाला कोण दाखवणार?

हँकॉकहून नदी ओलांडली की दहाएक मिनिटांत गाव. दुसऱ्या दिवशी पॅनोरमा ओव्हरलूक, गावापासून अगदी जवळ. रस्त्याच्या कडेलाच आहे, गाडीतून उतरलं की समोर. खाली पोटोमॅकला कॅकापॉन नदी येऊन मिळते आणि तीन राज्यं एका नजरेत येतात. त्या दिवसांत झाडांना रंग आलेले असतील. वाटेत टेकडीवर एक दगडी गढी दिसते, १८८५ ची, सूट नावाच्या कर्नलने आपल्या तरुण बायकोसाठी बांधायला घेतलेली. ती खालूनच पाहायची.

परतताना हवा आणि मूड असेल तर अमेरिकेच्या यादवी युद्धातली अँटिटमची रणभूमी. १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात तिथे सुमारे २३ हजार सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. रस्ता रणभूमीतून फिरतो, गाडीतून न उतरता पाहता येते. बाबांना पानिपतापासून सुरुवात करायची असेल तर करू द्यायचं, आई, तू टोकू नकोस.

राहायला हॉटेल नाही, तळमजल्यावरचं छोटं घर घेतलंय. गॅस आहे, भांडी आहेत. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, आमसुलं मी नेणार. न्हाणीघरात धरायला दांडा आहे, मी विचारून घेतलं. खोलीत हीटर आहे, तरी आईची लोकरी शाल आणाच, ती नसली की तिला झोप लागत नाही.

आता ऐका. बाबांच्या गोळ्या सगळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत एकही नाही. डॉक्टरांकडून औषधांची नावं आणि प्रमाण छापील लिहून घ्या, त्यांचं अक्षर इथे कोणाला लागणार नाही. विम्याचे कागद दादाकडून घेऊन वरच्या कप्प्यात ठेवा. विमानात दर तासाला उठून चाला, दोघंही. आई, नी-कॅप आणि पट्ट्याच्या सँडल. ती कोल्हापुरी नको, ओल्या फरशीवर घसरते. फराळाचे डबे कमी आण, सुधाआत्याचं पार्सल तर मुळीच घेऊ नकोस, तिला मी सांगते.

स्नानगृहाची वेळ आधी राखून ठेवावी लागते. बाबा, या शनिवारी डॉक्टरांकडे जाणारच आहात, तेव्हा विचारा आणि रविवारी मला कळवा, एक खोली सांगू की दोन.

तुमची,
मनू

ता. क. कट्ट्यावर नायगाराचं विचारलं तर सांगा, मुलीने जॉर्ज वॉशिंग्टनच्या मोजणीवर नेलं.