सुरगाण्याच्या पाड्यावरच्या आमच्या मावशींना

ती. मावशींस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. ती एक शब्दही गाळणार नाही, वाचनात ती वर्गात पहिली आहे आणि हे तिला पक्कं ठाऊक आहे. पत्र चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. कागदोपत्री तुम्ही ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’. पोषण आहार शिजवायचा, वाढायचा, भांडी घासायची. त्यापलीकडे तुम्ही जे केलंत त्याला शाळेच्या कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही.

बदली होऊन मी निफाड तालुक्यात आले. इथली थंडी नावाजलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, आणि मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या. आपल्या डोंगरातला गारठा मोजायला कोणी येत नाही. तो कळायचा हजेरीवरून. धुकं दाट असलं की निम्मा वर्ग गोधडीत.

तुम्ही शाळेची चूल वेळेच्या कितीतरी आधी पेटवायला लागलात आणि ते चित्रच पालटलं. भाताआधी त्यावर पाण्याचं मोठं पातेलं चढायचं. शाळेत कढत पाणी मिळतं ही बातमी पाड्यावर पसरायला एक सकाळ पुरली. मग तुमची तपासणी! दुसरीतला एक पठ्ठ्या छाती काढून म्हणाला, “मी अंघोळ केली.” तुम्ही त्याच्या कानामागून बोट फिरवलंत आणि काही न बोलता ते बोट सगळ्यांना दाखवलंत. सगळ्यात जास्त हसला तोच, आणि हसत हसत स्वतःच पातेल्याकडे गेला. पुढे पोरं ‘हजर’ म्हणायच्या आधी घोटे पुढे करायची.

वर्ग आमचा उन्हाबरोबर सरकायचा. आधी पूर्वेच्या भिंतीला, मग झेंड्याच्या कट्ट्याशी, मग अंगणाच्या मधोमध. प्रत्येक ठिकाणची सगळ्यात उबदार जागा तुमची तांबडी कोंबडी धरून बसलेली. तिला हाकलायला एकही पोर तयार नाही, कारण “ती आधी आली”. तोडगा तुम्हीच काढलात: जो सातचा पाढा न चुकता म्हणेल त्याने कोंबडीशेजारी बसायचं. चौथीच्या मुलींनी तर पंधराच्या पाढ्यापर्यंत मजल मारली.

आणि तो जानेवारीतला तास. मी सांगत होते की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, साधारण 14 कोटी 70 लाख किलोमीटरवर, आणि जुलैत 15 कोटी 20 लाखांवर. नाकाला बाही पुसत एक मुलगी म्हणाली, “जवळ हाये तं मंग आम्ही का काकडतो?” रास्त प्रश्न. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, म्हणून डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य 46 अंशांच्या आसपासच चढतो, किरणं तिरपी पडतात, शिवाय दिवसही लहान. हे मी फळ्यावर काढून दाखवलं. तिचं समाधान होईना. तुम्ही तांदूळ निवडता निवडता तिला हाक मारलीत. तिचा तळवा जाळासमोर उभा धरलात, मग हात तेवढ्याच अंतरावर ठेवून तळवा आडवा केलात. “आता?” “आता कमी लागतं.” “तसंच,” म्हणालात आणि पुन्हा तांदळाकडे वळलात. त्या वर्गाला ऋतू समजले ते त्या क्षणी, हे मी ठामपणे सांगते.

माझ्या पुढ्यात रोज सकाळी नागलीची गरम भाकर आणि खुरासणीची चटणी आली, त्याबद्दलही लिहायचंय. पण त्याचे आभार मानले तर तुम्ही रागवाल.

सगळ्यात मोठं काम मात्र दिवाळीनंतरचं. भात-नागली निघाली की पाड्यावरची माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या कामावर निघतात. पोरंही पिकअपमध्ये चढतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, ते आम्ही भरून देतो, पण बागेच्या कडेला पाल ठोकून राहणारं पोर नव्या शाळेत टिकेलच असं नाही. तुम्ही पिकअपपाशी उभं राहून आयांना म्हणालात, “पोरं माझ्याकडं राहू द्या.” तुमच्या एका खोलीत स्वतःच्या नातवंडांशेजारी अजून अंथरुणं पडली. त्यांचं जेवण, त्यांची दुखणी, रात्री आईची आठवण काढून रडणं, सगळं तुम्ही काढलंत. ती मुलं आज पुढच्या वर्गात आहेत ती तुमच्यामुळे, मावशी. मी शिकवलं, पण आधी ती शाळेत असायला हवी होती ना.

त्यातल्या दोन भावांची आई परवा इथे भेटली, माझ्या नव्या शाळेजवळच्या बागेत विरळणीला. हात काळे झालेले, पण चेहऱ्याला घोर नव्हता. तिने निरोप दिलाय: धाकट्याची कानटोपी तिच्या बोचक्यात राहिली, रविवारच्या गाडीने पाठवतेय. तोवर त्याला तुमची द्या, आणि थोरल्याला सांगा की मागायची नाही.

तुमचीच,
बाई