जळगावचा 'ळ' हिंदी फलकावरही हवा

महोदय,

जळगाव स्थानकाच्या पिवळ्या फलकावर देवनागरीच्या दोन ओळी आहेत. मराठी ओळीत 'जळगाव', तर हिंदी ओळीत 'जलगांव'. भुसावळ आणि लोणावळा यांचीही हिंदीत हीच गत होते. फलक, गाडीतील हिंदी उद्घोषणा आणि हिंदी वृत्तवाहिन्या यांतून हा उच्चार इतका रुळला आहे की बाहेरगावचा प्रवासी तोच खरा मानतो. त्यात त्याचा काहीच दोष नाही, कारण जे लिहिले आहे तेच तो वाचतो. रोमन लिपीत 'ळ' नाही, ही अडचण समजण्यासारखी आहे. परंतु केंद्रीय हिंदी निदेशालयाच्या मानक देवनागरीत हे अक्षर असताना हिंदी ओळीतून ते गाळण्याचे कारण उरत नाही. शिवाय सुरतेकडून येणारा गुजराती प्रवासी असो, राजस्थानी असो वा कानडी, 'ळ' त्याच्या स्वतःच्या भाषेतच आहे. नाव नीट लिहिले, तर तो ते नीट उच्चारील.

खेदाची गोष्ट अशी की हिंदीत बोलू लागताच आपण मराठी माणसेही आपल्याच गावाला 'जलगांव' म्हणतो.

याच संदर्भात आमच्या खानदेशी बोलींविषयीही लिहिणे मला अगत्याचे वाटते. रावेर-यावलकडचा शेतकरी केळीला 'केयी' म्हणतो आणि त्याच ओघात जळगावचे 'जयगाव', धुळ्याचे 'धुये' होते. पुण्या-मुंबईकडे शिकायला गेलेल्या आमच्या मुलांना यावरून हसणारे भेटतात, तेव्हा फार वाईट वाटते. 'ळ'चा 'य' होणे हा अहिराणी आणि लेवा गणबोलीचा पिढ्यानपिढ्या चालत आलेला उच्चारनियम आहे; तो अशुद्धपणा नव्हे. ज्यांचे ते गाव, त्यांच्या तोंडी बसलेले नाव आणि लिहिण्यातील हयगयीमुळे बदललेले नाव यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे.

रेल्वे प्रशासनाने फलक नव्याने रंगवताना हिंदी ओळीतही 'जळगाव', 'भुसावळ', 'चाळीसगाव' असेच लिहावे आणि उद्घोषणांचे ध्वनिमुद्रण स्थानिक उच्चार ऐकून करावे, अशी विनंती आहे. खासदारांनी आणि प्रवासी संघटनांनीही या मागणीचा पाठपुरावा करावा.

– एक वाचक, भुसावळ