‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

संपादक महोदय,

निकाल लागून चार-सहा महिने उलटले की पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये खोली घेऊन राहणारी डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बी.कॉम. झालेली कितीतरी मुलं-मुली एकाच जागी अडकतात. कॅम्पसमधून काही हाती लागलेलं नसतं, पोर्टलवरून शेकडो अर्ज गेलेले असतात आणि उत्तर कुणाचंच नसतं. घरचे, मित्र, मोबाइलवरचे वक्ते, सगळे ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणतात. ते कसं जमवायचं हे कुणी सांगत नाही. नोकरभरतीच्या कामात असल्याने त्याबद्दल लिहीत आहे.

ऑस्ट्रियातल्या मारिएंटाल गावची गिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. समाज-मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून जाणारी पुस्तकं साधारण निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्याने सावकाश चालत, पुन्हा पुन्हा थांबत. घरकाम चुकत नसल्याने बायकांची चाल मात्र भरभर होती. उमेद टिकते ती दिवसाला बांधणी असली तर, हे तेव्हाच दिसलं होतं. आपल्याकडे उलट चालतं: रात्री दोनपर्यंत स्क्रोलिंग, सकाळी अकराला उठणं आणि मग ‘आजही काही झालं नाही’.

म्हणून आधी वेळ ठरवावी. सकाळचे दोन-अडीच तास फक्त अर्जांसाठी, कारण जाहिरात ताजी असताना गेलेला अर्ज पाहिला जाण्याची शक्यता जास्त. दुपारी एकच कौशल्य: एक्सेल, टॅली, ऑटोकॅड, जे आपल्या कामाचं असेल ते. संध्याकाळी घराबाहेर पडणं, तेही रोज. दिवसाला पन्नास ठिकाणी ‘अप्लाय’ दाबण्याची सवय सोडावी. त्यातून पन्नास ठिकाणांचं मौन तेवढं पदरात पडतं आणि मन त्यानेच खचतं. जाहिरात नीट वाचून, तिच्यातले शब्द (खरंच येत असतील तेवढेच) रेझ्युमेत घालून पाठवलेले तीन-चार अर्ज पुरेत.

प्रत्येक अर्जाची नोंद हवी. साधी वही चालेल: तारीख, कंपनी, पद, जाहिरात कुठे दिसली, कोणता रेझ्युमे पाठवला, पुढे काय झालं. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की वही बोलू लागते. एकही फोन नसेल तर दोष बहुधा रेझ्युमेत किंवा निवडलेल्या पदांत आहे. जाहिरात दोन-तीन वर्षांचा अनुभव मागते आणि फ्रेशर अर्ज करत राहतो, हे फार दिसतं. कोष्टकं, चौकटी, फोटो घातलेला रेझ्युमे कंपनीच्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा नीट वाचता येत नाही. साधी एका पानाची पीडीएफ द्यावी आणि त्यावरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, ते पाहावं. फोन येतात पण पहिल्याच फेरीत गाडी अडते, तर ॲप्टिट्यूड किंवा विषयाची तयारी कमी पडते आहे. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नकार येत असेल तर बोलण्याचा सराव, पगाराची अपेक्षा, जॉइनिंगची तारीख यांकडे बघावं. मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून ठेवावेत. दोन दिवसांनी त्यातले निम्मे आठवत नाहीत. ‘मी कुचकामी आहे’ हा निष्कर्ष कुठे दुरुस्ती हवी ते दाखवत नाही, वही दाखवते.

ओळखीच्यांना ‘काही असेल तर सांगा’ एवढंच म्हटलं तर ते ‘हो’ म्हणतात आणि विसरतात. पद, कंपनी, जाहिरातीचा क्रमांक आणि सोबत रेझ्युमे, असा चार ओळींचा मेसेज पुढे पाठवायला सोपा जातो. ‘स्पॅम असेल’ म्हणून अनोळखी नंबर न उचलण्यातही संधी हुकतात. कामाच्या वेळेत फोन घ्यावा, राहिला तर लगेच मेसेज करावा. मात्र नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे कुणी मागितले की तिथेच थांबावं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं, कारण उशीर झाला की रक्कम रोखणं अवघड होतं.

आईवडिलांना कळकळीची विनंती. रोज संध्याकाळी ‘आला का फोन?’ विचारू नका. आठवड्यातून एक वार ठरवा, त्या दिवशी वही समोर ठेवून सगळं बोला, खर्चाला पैसे किती महिने पुरतील तेही. पैसा संपत आला की पोरं पहिली मिळेल ती नोकरी धरतात किंवा सगळं सोडून गावी परततात. पैसे कधीपर्यंत पुरतील ती तारीख आधीच ठरलेली असेल तर मधल्या काळासाठी अर्धवेळ काम किंवा ॲप्रेंटिसशिप शांतपणे निवडता येते. ‘अमक्याचा मुलगा लागला’ हे वाक्य तर घरात नकोच. झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येऊ लागलं, तर वाट न बघता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

गावोगावच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात, ते चांगलंच आहे. त्याच जागेत आठवड्यातून एक संध्याकाळ नोकरी शोधणाऱ्यांना द्यावी. आठ-दहा जणांनी एकमेकांचे रेझ्युमे तपासावेत, सरावाच्या मुलाखती घ्याव्यात, जाहिराती वाटून घ्याव्यात. रोजगार मेळाव्यांच्या जाहिरातींत पद, हातात येणारा पगार आणि काम कायम की प्रशिक्षणार्थी, हे आधीच छापलं जावं. बीड-परभणीहून रात्रीची एसटी धरून येणाऱ्याचा तेवढा हक्क आहे. आणि आम्हा भरती करणाऱ्यांसाठी: मुलाखतीला बोलावलेल्या प्रत्येकाला आठवडाभरात होकार किंवा नकार कळवावा. एका ओळीचा ईमेल पुरतो.

– नोकरभरती क्षेत्रातील एक वाचक, चिंचवड