रानातल्या कवीला विसरू नका

संपादक महोदय, नमस्कार.

दरवर्षी पेरणीच्या दिवसांत मी एसटीने अजिंठ्याकडे चक्कर मारतो आणि बॅगेत पुस्तक एकच, ना. धों. महानोरांचं 'रानातल्या कविता'. पुस्तक १९६७ चं, पण खिडकीतून ओल्या काळ्या रानात तिफण चालताना दिसली, मागं बगळे उतरलेले दिसले की त्यातली ओळ न् ओळ समोर उभी राहते बघा. पळसखेड्यात शेती करत लिहिणारा हा माणूस विधान परिषदेतही शेतीपाण्यावर पोटतिडकीनं बोलला, केवढी मोठी गोष्ट! ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. आमच्या वाचनालयात मात्र त्यांचं एकही पुस्तक नाही, फार वाईट वाटतं. निदान पावसाळ्यात तुमच्या रविवार पुरवणीत त्यांच्यावर काहीतरी छापा, गल्लीतल्या पोरांना मी स्वतः वाचून दाखवीन.

– एक वाचक, जळगाव