ऑस्करनंतर स्कोफिल्ड कुठे होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्कर मिळवून ‘नाहीसे झालेल्या’ नटांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. त्या यादीत ब्रिटिश नट पॉल स्कोफिल्ड यांचे नाव पाहून राहवले नाही. ‘अ मॅन फॉर ऑल सीझन्स’साठी पुरस्कार घेतला आणि हा माणूस गायब झाला, असा तिथल्या चार ओळींचा सूर आहे. मुळात पुरस्कार घ्यायलाही ते गेले नव्हते. १९६७च्या सोहळ्यात वेंडी हिलर यांनी त्यांच्या वतीने तो स्वीकारला. आणि गायब म्हणाल, तर त्याच वर्षी ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत मॅकबेथ करत होते. हॉलीवूडमध्ये दिसला नाही म्हणजे नट संपला, हा हिशेब ब्रिटिश रंगभूमीवरच्या माणसाला लावताच येत नाही.

ज्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, ती थॉमस मोरची भूमिकासुद्धा सिनेमाने त्यांना दिलेली नाही. रॉबर्ट बोल्ट यांचे ते नाटक १९६० मध्ये लंडनमध्ये आले, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे स्कोफिल्ड यांना टोनी हा रंगभूमीवरचा मोठा पुरस्कार मिळाला. शेकडो प्रयोग झाल्यावर १९६६ मध्ये फ्रेड झिनेमन यांचा चित्रपट आला. राजा आठवा हेन्री याच्यापुढे मान तुकवायला नकार देणारा मोर पडद्यावर आवाज न चढवता, जवळजवळ वकिली थाटात बोलतो. तो शांतपणा एखाद्या दिवसाच्या चित्रीकरणात सापडत नसतो. प्रेक्षकांसमोर रोज संध्याकाळी तो घासून घ्यावा लागतो.

त्याआधीची कारकीर्द तर आपल्या लेखात नाहीच. १९४५च्या सुमारास बर्मिंगहॅम रेपर्टरी या नाट्यसंस्थेत पीटर ब्रुक नावाचा विशीतला दिग्दर्शक त्यांना भेटला आणि ही जोडी पुढे अनेक वर्षे टिकली. १९५५ मध्ये दोघे ‘हॅम्लेट’ घेऊन मॉस्कोला गेले. क्रांतीनंतर तिथे प्रयोग करणारी ती पहिली इंग्रज नाटक मंडळी. मध्येच १९५८ मध्ये स्कोफिल्ड यांनी ‘एक्स्प्रेसो बोंगो’ या संगीत नाटकात एका चलाख एजंटचे कामही केले. त्यांना गंभीर चेहऱ्याचा संत ठरवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पण खरा मुक्काम १९६२चा, स्ट्रॅटफर्डमधला ‘किंग लिअर’. तोवरचा लिअर म्हणजे बहुधा कृतघ्न मुलींनी छळलेला बिचारा म्हातारा. ब्रुक आणि स्कोफिल्ड यांनी त्याची कीव करायचे नाकारले. हा राजा हेकट, कोरडा, हुकमत गाजवायची सवय लागलेला. त्याचे सरदार मुलीच्या घरात खरोखरच धुडगूस घालतात, तो स्वतः टेबल उलथून टाकतो, आणि क्षणभर प्रेक्षकाला वाटते की त्याची ही मुलगी गॉनरिल काही अगदीच खोटे बोलत नाही. लिअरच्या बाजूच्या ग्लॉस्टर या सरदाराचे डोळे काढल्यावर त्याची विचारपूस करणाऱ्या नोकरांची वाक्ये ब्रुक यांनी गाळली. आंधळा ग्लॉस्टर ठेचकाळत आत जातो तोच प्रेक्षागृहातले दिवे लागतात आणि मध्यंतर होते. २००४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्याच नटांनी मतदान करून शेक्सपिअरच्या नाटकांतली आजवरची सर्वश्रेष्ठ भूमिका म्हणून या लिअरची निवड केली. यावर ब्रुक यांनी केलेला कृष्णधवल चित्रपट १९७१चा आहे. तो जरूर पाहावा, पण नाटक पाहिल्याचे समाधान त्यातून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. तो फार थंड आणि तुटक वाटतो, असे माझे मत.

‘नटसम्राट’चे मूळ याच लिअरमध्ये आहे, म्हणून मराठी वाचकाला माझा मुद्दा चटकन कळावा. २०१६चा चित्रपट पाहून कुणी डॉ. श्रीराम लागू यांच्या बेलवलकरांविषयी मत देऊ लागला, तर आपण त्याला गप्प बसवू.

स्कोफिल्ड यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. ‘एक्स्प्रेसो बोंगो’ पडद्यावर आले तेव्हा त्यांची भूमिका लॉरेन्स हार्वे यांच्याकडे गेली. ‘अमेडिअस’ या नाटकातला सालिएरी, म्हणजे मोझार्टचा मत्सर करणारा संगीतकार, १९७९ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पहिल्यांदा उभा केला तो स्कोफिल्ड यांनी. चाकाच्या खुर्चीतला जर्जर म्हातारा प्रेक्षकांसमोरच अंगरखा उतरवून तरुण दरबारी संगीतकार होतो, अशी ती कसोटीची जागा. पुढे चित्रपटात सालिएरी एफ. मरे एब्रहम यांनी केला आणि त्यांना ऑस्कर मिळाले. एब्रहम उत्तमच आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण ऑस्करची यादी समोर ठेवून कारकीर्द मोजली की लंडनच्या सालिएरीची नोंदच उरत नाही.

तेव्हा नाटक टिपून ठेवण्याची सोय फारशी नव्हती. २००९ पासून नॅशनल थिएटरचे प्रयोग चित्रपटगृहांत दाखवले जातात, आपल्याकडे मुंबईत एनसीपीएमध्येही ते पाहायला मिळतात. स्कोफिल्ड यांनी त्याच नॅशनलमध्ये १९९६ मध्ये इब्सेनचा बोर्कमन केला, तो मात्र या सोयीच्या आधीचा. त्याच वर्षीच्या ‘द क्रूसिबल’ या चित्रपटातला त्यांचा न्यायाधीश डॅनफर्थ मात्र सहज पाहता येतो, आणि त्याआधी १९९४च्या ‘क्विझ शो’तले वडील, ज्यासाठी त्यांना पुन्हा ऑस्करचे नामांकन मिळाले. ‘नाहीसा झालेला’ नट सत्तरी ओलांडल्यावर हे करत होता!

शेवटी एक दुरुस्ती. लेखात त्यांचा उल्लेख ‘सर पॉल’ असा केला आहे. ते ‘सर’ कधीच नव्हते. सीबीई आणि पुढे २००१ मध्ये कम्पॅनियन ऑफ ऑनर हे ब्रिटिश सरकारी सन्मान त्यांनी घेतले, म्हणजे सन्मानांचे वावडे होते असेही नाही. नावाआधी ‘सर’ लावणारा नाइटहूड मात्र त्यांनी नाकारला. एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा